चॉकलेटचा ‘पाय’ : दूध नको, लोणी नको

“पाय? कुणाचे पाय आणलेत? बकऱ्याचे असतील तर आधी जाळावर भाजून घ्या गं, केस राहतात.”

आमच्या सासूबाई ओट्याजवळ येऊन असे म्हणाल्या आणि आम्ही दोघी जावा हसत सुटलो. कारण ओट्यावर बकऱ्याचे पाय नव्हते, परातीत नाचणीचे पीठ होते, कणीक होती आणि त्यात काळसर तपकिरी कोको पावडर चाळून घातलेली होती. आम्ही करायला घेतला होता तो ‘पाय’ विलायती. इंग्लंड-अमेरिकेत भट्टीत भाजलेल्या खुसखुशीत कवचात फळे, मांस किंवा गोड सारण भरतात, त्याला पाय म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर ताटलीएवढी मोठी, वरून उघडी करंजी. सारण बदलत राहते, पण सगळी मदार असते ती बाहेरच्या पारीवर. या लेखात आम्ही त्या पारीबद्दलच सांगणार आहोत. चॉकलेटच्या चवीची, पण दूध, लोणी, तूप, अंडे यांपैकी काहीही नसलेली पारी, आणि तीसुद्धा ओव्हन नसलेल्या घरात.

हा उद्योग आम्हाला का सुचला, ते आधी सांगायला हवे.

आमच्यातल्या धाकटीचा मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याला दूध सोसत नाही. सोसत नाही म्हणजे पोट बिघडते एवढेच नव्हे. वर्षाचा असताना वाटीभर खीर खाल्ली आणि अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास घुरघुरू लागला. रिक्षा करून दवाखान्यात नेले तेव्हा डॉक्टरांनी दुधाची ॲलर्जी असल्याचे सांगितले. तेव्हापासून दूध, दही, तूप, पेढा सगळे बंद. घरात त्याचे काही अडत नाही. भाकरी, डाळ, भात, सुकट, अंडी, मटण तो आनंदाने खातो. अडते ते वाढदिवसाला. आमच्या चाळीत महिन्याला दोन तरी वाढदिवस असतात. केक कापला की पोरे टेबलाभोवती गर्दी करतात आणि आमचा हा हात मागे बांधून दाराशी उभा राहतो. मग त्या घरातली बाई वेगळ्या ताटलीत वेफर्स आणून त्याला देते. देणारीच्या मनात मायाच असते. पण त्या वेगळ्या ताटलीकडे पाहून सासूबाई एकदा घरी येऊन गप्प बसल्या. जेवल्याही नाहीत. त्यांच्या लहानपणी गावात त्यांना पाणी वरून ओंजळीत ओतत असत. त्या एवढेच म्हणाल्या, “पोराचं दुखणं वेगळं, मला कळतं. पण वेगळं ताट मला बघवत नाही.”

तेव्हा आम्ही ठरवले की या वर्षी त्याच्या वाढदिवसाला त्याच्यासाठी वेगळा पदार्थ करायचा नाही. सगळ्यांनी जे खायचे तेच त्याने खायचे आणि त्याने जे खायचे तेच सगळ्यांनी.

इथे एका गैरसमजाबद्दल बोलावे लागेल. दूध नाही, तूप नाही, अंडे नाही म्हटले की आजकाल त्याला ‘व्हीगन’ म्हणतात. हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी काढला. ‘व्हेजिटेरियन’ या शब्दाची सुरुवातीची आणि शेवटची अक्षरे जोडून तो तयार झाला. प्राण्यापासून मिळणारे काहीच खायचे नाही, असा त्यांचा विचार होता. ज्याला तो पटतो त्याने तो पाळावा. आमच्या घरात रविवारी मटण शिजते आणि ते शिजत राहील. कुणी काय खावे यावरून माणसाला वरचा-खालचा ठरवण्याचा खेळ आपल्या लोकांनी पिढ्यानपिढ्या सोसला आहे. तेव्हा या पारीचा आणि सोवळेपणाचा काही संबंध नाही. ज्याच्या अंगाला दूध सोसत नाही त्यालाही खाता यावे, आणि लोण्याचा खर्चही वाचावा, इतकाच आमचा हेतू.

आता चॉकलेटमध्ये दूध असतेच ना, असे कुणी विचारील. आम्हालाही तसेच वाटत होते. पण मुळात ते नसते. कोकोचे झाड मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले. मेक्सिकोकडचे जुने लोक त्याच्या बिया भाजून, वाटून, पाण्यात घुसळून कडू पेय करीत. १८२८ साली हॉलंडमध्ये व्हॅन हौटेन यांनी त्या बियांतली चरबी दाबून काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. चरबी निघाल्यावर जी पेंड उरते ती दळली की कोको पावडर. तिच्यात दूध घालून वडी करण्याची युक्ती स्वित्झर्लंडच्या डॅनिएल पीटर यांनी १८७५ च्या सुमारास काढली. म्हणजे दूध हे चॉकलेटच्या घरात मागाहून आलेले सासुरवाशीण. ते वगळले तर चॉकलेटचे चॉकलेटपण जात नाही, उलट चव जास्त उतरते.

फक्त दुकानात पाकीट घेताना डोळे उघडे ठेवावे लागतात. ‘कोको पावडर’ वेगळी आणि ‘ड्रिंकिंग चॉकलेट’ वेगळे. दुसऱ्यात बरीचशी साखरच असते, कधी दुधाची भुकटीही. मुलांना दुधातून देण्याच्या तपकिरी पावडरींत तर दूध बहुधा असतेच. पाकिटावर घटकांची यादी असते, ती बारीक अक्षरात का असेना, वाचायची. शुद्ध कोको पावडरच्या यादीत कोकोशिवाय फारसे काही नसते. मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, लॅक्टोज, बटर, घी यातला एकही शब्द दिसला तर पाकीट खाली ठेवायचे. हिरवा ठिपका आहे म्हणून निर्धास्त राहू नये. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, आणि आपल्याकडे दूध शाकाहारातच धरतात. इंग्रजी ‘व्ही’ अक्षर आणि त्यावर पान अशी हिरवी खूण असेल तर तो पदार्थ व्हीगन. यादीच्या खाली ‘दूध असू शकते’ अशा अर्थाची ओळ असेल तर तीव्र ॲलर्जीच्या मुलाला तेही देऊ नये. घरात कुणाला इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीला दुकानात बरोबर न्यावे. आमची पुतणी आता या कामात पटाईत झाली आहे, दुकानदारालाच शिकवते.

दूध सोसत नाही हे दोन प्रकारचे असते, तेही लक्षात घ्यावे. काही मोठ्या माणसांना दूध प्यायले की पोटात गुडगुडते, वारा धरतो, जुलाब होतात. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, त्यांना पचत नाही. असे लोक पुष्कळ असतात आणि थोडे ताक-दही त्यांना बहुतेक चालते. ॲलर्जी मात्र दुधातल्या प्रथिनांची असते आणि थोड्याशा दुधानेही जीवावर बेतू शकते. गाईच्या ऐवजी म्हशीचे किंवा शेळीचे दूध देऊन भागत नाही. तुपातही प्रथिनांचा अंश राहू शकतो. कोणता प्रकार आहे ते डॉक्टरांनीच सांगायचे. पुष्कळ मुलांची ही ॲलर्जी वाढत्या वयात जाते, पण ती गेली की नाही हे घरी चमचाभर दूध पाजून पाहू नये.

आता पारीकडे वळू. आमची पहिली पारी फसली. चांगलीच फसली. चपातीची सवय असलेले हात, त्यांनी गोळा घेतला आणि दहा मिनिटे मळ मळ मळला. भाजल्यावर तिचे कौल झाले. सुरी लागेना. दीर म्हणाले, “पत्र्यावर टाका, पावसाळ्यात उपयोगी पडेल.” दुसऱ्या खेपेस थोरलीने कणीक काढूनच टाकली आणि सगळी नाचणी घेतली. ती पारी ताटलीतून काढताना वाळूच्या किल्ल्यासारखी ढासळली. पोरांनी ती चमच्याने खाल्ली, म्हणून फुकट गेली नाही. तिसऱ्या खेपेस जमली, आणि जमली ती आपल्याच दिवाळीच्या फराळाचे शास्त्र आठवल्यामुळे.

ते शास्त्र असे. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की त्यात ग्लुटेनचे चिवट धागे तयार होतात. चपाती ताणली जाते, फुगते ती त्यांच्यामुळे. पण करंजीची पारी किंवा शंकरपाळा चिवट नको, खुसखुशीत हवा. म्हणून आपण पिठाला मोहन घालतो. तेल-तूप पिठाच्या कणांना माखते, मग पाणी कणाच्या आत लवकर शिरत नाही आणि धागे तुटक राहतात. विलायती बायका थंड लोणी बोटांनी पिठात चोळतात ते याचसाठी. त्यांचे ते चोळणे आणि आपले मोहन यांत तत्त्वाचा फरक नाही. उलट नाचणीत ग्लुटेन अजिबात नाही, कोकोतही नाही. म्हणून नुसत्या नाचणीची पारी ढासळते आणि नुसत्या कणकेची, जास्त मळली तर, दगड होते. दोन भाग कणीक, एक भाग नाचणी हे प्रमाण आमच्या हाताला मानवले.

मोहन कशाचे घालायचे यावर घरात वाद झाला. सासूबाईंचे म्हणणे वनस्पती तुपाचे, कारण त्याने नानकटाई छान होते. आमच्या लहानपणी दिवाळीच्या आधी पीठ, साखर, वनस्पती तूप डब्यात भरून कोपऱ्यावरच्या बेकरीत न्यायचे आणि रांग लावून पत्र्यावर नानकटाई भाजून आणायची. तो वास अजून नाकात आहे. पण तेल घट्ट करताना त्यात हायड्रोजन अर्धवट मिसळला की ट्रान्स फॅट तयार होते. ते रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवते, चांगले कमी करते आणि हृदयविकाराला आमंत्रण देते. आपल्या देशात तेल-तुपातले ट्रान्स फॅट २०२१ साली तीन टक्क्यांवर आणि जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांवर आणण्याचा नियम झाला. नियम चांगला आहे, पण सुट्या विकल्या जाणाऱ्या पिवळ्या गोळ्यात काय आहे हे आपल्याला कसे कळणार? आमचे सासरे हृदयविकाराने गेले. तेव्हा सासूबाईंनीही हट्ट सोडला.

खोबरेल तेलाची आजकाल फार वाहवा चालते. खायचे खोबरेल पारीला छान लागते आणि थंडीत ते गोठत असल्याने लोण्यासारखे वागते, हे खरे. पण त्यात संपृक्त चरबी लोण्याहूनही जास्त असते. म्हणून ते ‘आरोग्याचे’ म्हणून विकले जाते तेव्हा आम्ही तरी मान डोलावत नाही. आम्ही रोजच्या स्वयंपाकातले शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे तेल घेतो. शेंगदाण्याचा वास चॉकलेटला शोभतो. तेलाच्या पारीला लोण्याच्या पारीसारखे पापुद्रे सुटत नाहीत, ती बिस्किटासारखी भुसभुशीत होते. आम्हाला ती तशीच आवडली.

साहित्य : दीडशे मिलिलिटर पाणी मावणारी वाटी घ्यावी. त्या वाटीने कणीक १ वाटी, नाचणीचे पीठ अर्धी वाटी, कोको पावडर ३ मोठे चमचे, बारीक केलेला गूळ किंवा पिठीसाखर ३ मोठे चमचे, मीठ पाव छोटा चमचा, तेल ४ मोठे चमचे, गार पाणी ३ ते ४ मोठे चमचे. मोठा चमचा म्हणजे पंधरा मिलिलिटरचा. एवढ्यात सात इंची, कडा उभी असलेल्या ताटलीची पारी होऊन थोडा गोळा उरतो.

नाचणीचे पीठ आधी मंद आचेवर चार-पाच मिनिटे कोरडे भाजून गार करावे, कच्चट वास जातो. मग सगळी पिठे, कोको, मीठ एकत्र दोनदा चाळावीत, कारण कोकोच्या गुठळ्या फार धूर्त असतात, दिसत नाहीत आणि दाताखाली कडू येतात. गूळ मिसळावा. आता तेल. करंजीला आपण कडकडीत मोहन घालतो, तसे इथे करू नये. कोको पोळला की कडवटपणा वाढतो. साधे तेल घालून बोटांच्या टोकांनी चोळत राहावे. मूठभर पीठ दाबले की मुटका वळला पाहिजे आणि बोट लावताच मोडला पाहिजे. मुटका वळत नसेल तर चमचाभर तेल आणखी घालावे. मग पाणी, एकेक चमचा शिंपडत. गोळा जेमतेम जमला की थांबायचे. मळायचे नाही! हात शिवशिवतात, ते आम्हाला ठाऊक आहे, पण मळायचे नाही. गोळा झाकून वीस मिनिटे ठेवावा. कोंडा आणि नाचणी सावकाश पाणी पितात. हा विसावा दिला नाही तर खाताना रवाळ लागते.

हा गोळा पोळपाटावर लाटायच्या भानगडीत पडू नये, तुटतो. स्टीलच्या किंवा ॲल्युमिनियमच्या ताटलीला तेलाचे बोट फिरवून गोळा तिच्यात ठेवावा आणि थालीपीठ थापतो तसा ओल्या बोटांनी थापत कडेला चढवावा. सगळीकडे जाडी सारखी, अर्ध्या सेंटिमीटरची. कडेचा आणि तळाचा सांधा जाड राहतो, तिथे बोट दाबून पीठ सरकवावे. मग काट्याने तळभर टोचावे, नाहीतर खाली वाफ कोंडून तळ पोळीसारखा फुगतो. त्याच कारणाने पहिली पंधरा मिनिटे वर वजन ठेवतात. तिकडे बायका कागद घालून त्यावर कडधान्य पसरतात. आम्ही पारीच्या आत बसेल अशी लहान ताटली बाहेरून तेल लावून ठेवतो आणि तिच्यात मूठ-दोन मुठी वाल टाकतो. वर्तमानपत्राचा कागद मात्र कधीही वापरू नये, शाई अन्नाला लागते.

भाजायचे कशात? ओव्हन आमच्याकडे नाही. पुष्कळ जणी सांगतात की कुकरचे रबर आणि शिट्टी काढून त्यात भाजा. आम्ही कुकर वापरत नाही. कोरडा तापवून तो खराब झाला तर रोजच्या डाळ-भाताचे काय? जुनी जाड कढई किंवा पातेले पुरे. तळाला दोन वाट्या खडे मीठ पसरावे, त्यावर तिवई ठेवावी, घट्ट झाकण घालून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावे. नॉनस्टिक भांडे यासाठी घेऊ नये. मग ताटली तिवईवर ठेवून झाकावे आणि आच मंद-मध्यम करावी. पंधरा मिनिटांनी चिमट्याने वजनाची ताटली काढावी, झाकण लावून आणखी पंधरा ते वीस मिनिटे भाजावे. ओव्हन असेल तर १८० अंशांवर एकंदर पंचवीस मिनिटांत होते. पोरांना त्या वेळी ओट्यापासून लांब ठेवावे, तापलेले मीठ वाफेपेक्षा वाईट भाजते. ते मीठ गार झाल्यावर बरणीत भरून पुढच्या खेपेला वापरता येते, स्वयंपाकात नव्हे.

झाले की नाही हे रंगावरून कळत नाही, ही या पारीची खरी मेख. साधी पारी सोनेरी झाली की उतरवता येते. ही आधीपासूनच काळी. म्हणून नाकाने ओळखायची. आधी ओल्या पिठाचा वास येतो, मग भाजलेल्या चॉकलेटचा खमंग वास येतो, आणि त्यानंतर दोन-तीन मिनिटांत करपट. मधल्या वासाला आच बंद करावी. तळाला बोट लावले तर कोरडे लागावे, थोडे मऊ असले तरी चालेल, गार होताना ते कडक होते. गरम पारी ताटलीतून काढायची घाई केली की तुटलीच समजा. तासभर तशीच राहू द्यावी.

आता ही ‘आरोग्याची’ कितपत? नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. दूध बंद असलेल्या मुलासाठी ही मोठी गोष्ट आहे. नाचणी मोड आणून, वाळवून दळली तर ते अंगी जास्त लागते. पण पाय खाऊन कॅल्शियम मिळवायचे म्हणणे म्हणजे लग्नात जेवून वर्षाची भूक भागवण्यासारखे, रोजची भाकरी आणि आंबीलच खरी. (२०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले आणि नाचणी एकदम मोठ्या दुकानांत चकचकीत पाकिटात बसली. आमच्या आईने भाकरीला नाचणी आहे हे शाळेत सांगू नको म्हणून बजावले होते, ते आठवले.) गूळ साखरेपेक्षा बरा असे वाटते, पण शरीराच्या हिशेबात तो साखरच. पारीत ४० ग्रॅमच्या आसपास गूळ आणि ५५ ग्रॅमच्या आसपास तेल जाते. आठ तुकडे केले तर एका तुकड्यात पाच ग्रॅम गूळ आणि सात ग्रॅम तेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसभरात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत, शक्यतो २५ च्या आत ठेवावी. त्या हिशेबात हा तुकडा बसतो. दोन तुकडेही बसतात. सासूबाईंना मधुमेह आहे, त्यांना आम्ही अर्धा देतो आणि त्या पाऊण घेतात.

या सगळ्यात महाग काय, तर कोको. २०२४ मध्ये जगाच्या बाजारात त्याचा भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला होता, कारण आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतले पीक बुडाले. जगातला निम्म्याहून जास्त कोको तिथून येतो. फळे कोयत्याने फोडून, गरासकट बिया केळीच्या पानांखाली पाच-सात दिवस आंबवून, उन्हात वाळवून तो बाजारात जातो. शिकागो विद्यापीठाशी जोडलेल्या एका संस्थेच्या २०२० च्या अहवालात या दोन देशांत कोकोच्या कामाला जुंपलेल्या मुलांची संख्या साडेपंधरा लाखांवर सांगितली होती. हे वाचल्यापासून आमच्या घरात कोकोचा चमचा जरा जपून भरला जातो. आपल्याकडेही आंध्र, केरळ, कर्नाटक, तामिळनाडूत नारळ-सुपारीच्या बागांत कोको पिकतो. पाकिटावर भारतीय कोको असे लिहिलेले मिळाले तर आम्ही तेच घेतो. लहान पाकीट घेऊन कोरड्या घट्ट डब्यात ठेवावे, दमट हवेत त्याचे गोळे होतात.

ज्यांना भाजायला वेळ नाही, दोन पाळ्यांत काम आहे, त्यांच्यासाठी एक बिनभट्टीची पारीही आम्ही करून पाहिली. एक वाटी भाजलेले, सोललेले शेंगदाणे, एक वाटी बिया काढलेला मऊ खजूर, चार मोठे चमचे खमंग भाजलेले नाचणीचे पीठ, दोन चमचे कोको आणि चिमूटभर मीठ. दाणे जाडसर कुटावे, मग बाकीचे घालून खलबत्त्यात किंवा मिक्सरमध्ये गोळा होईपर्यंत फिरवावे आणि ताटलीत घट्ट दाबून दोन तास ठेवावे. नाचणी नीट भाजलेली हवी, कच्चे पीठ खाऊ नये. साखर घालायची गरज पडत नाही, पण खजुरात गोडी भरपूर असते, मधुमेह्यांनी भुलू नये. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेले मूल येणार असेल तर ही करू नये, आधी विचारावे. सासूबाईंनी ती पाहून निकाल दिला, “हा तर लाडू. नुसता बसवलाय.”

वाढदिवसाला आम्ही भाजलेलीच केली. आत भरायला दोन वाट्या नारळाच्या दुधात तीन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर आणि तेवढीच साखर गारच कालवून, मग ढवळत घट्ट होईपर्यंत शिजवले. गार पारीत दोन केळ्यांच्या चकत्या पसरल्या, त्यावर हे ओतले आणि तीन तास राहू दिले. साखरेचा हिशेब तुकड्याला दहा ग्रॅमवर गेला. चालायचेच, वाढदिवस वर्षातून एकदा येतो.

चाळीतली अकरा पोरे आली होती आणि पाय एकच. ऐनवेळी आठाचे बारा तुकडे करावे लागले. कुणाला दूध सोसते, कुणाला नाही, हे कुणी विचारले नाही. शेजारच्या पोराने तुकडा उलटा करून पाहिला आणि “हा केक खालून पण चॉकलेटचा आहे” असे जाहीर केले. आमचा सहा वर्षांचा मालक त्या दिवशी दाराशी नव्हता. सुरी त्याच्या हातात होती आणि तुकडे वाटायचे कामही त्यानेच ओढून घेतले होते. बारावा तुकडा त्याने आजीला दिला. त्या वेळी त्यांनी मधुमेहाचे नाव काढले नाही.

उरलेल्या गोळ्याची आम्ही तव्यावर झाकण घालून छोटी बिस्किटे भाजली होती. कोरड्या डब्यात ती चार-पाच दिवस टिकावीत. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यात फक्त चुरा होता, आणि दिरांच्या मिशीला कोको.